आठवा किल्ला आणि पाचची धार

गेल्या भाऊबीजेला सम्राटनं आपल्या थोरल्या बहिणीला, उचगावच्या पूर्णिमाला, ओवाळणीत तळहाताएवढा व्हिडिओ गेम घातला, तेव्हा तिचे मालक पोट धरून हसले. "साडी सोडून खेळणं काय आणलंय पावणं?"

पूर्णिमा हसली नाही. सायीच्या रंगाच्या त्या यंत्रावर तिनं अंगठा फिरवला. डावीकडं अधिकच्या चिन्हासारखं बटण, उजवीकडं दोन लाल. दाबलं की टक्! ना ढिलं, ना घट्ट. आत लहानपणीचे शेकडो गेम, आणि त्यात तो आठ किल्ल्यांचा. बाईचा जीव तिथंच अडकला.

कारण त्या गेमचा सल जुना होता. मुरगूडला माहेरी टीव्हीला जोडायचा गेम होता, पिवळ्या कॅसेटचा. पूर्णिमा तेरा वर्षांची, सम्राट अकराचा. एके दिवशी ती आठव्या किल्ल्यात पोचली. समोर आग ओकणारा राक्षस, हातात शेवटचा जीव, आणि गोठ्यात म्हैस रेकली. पाचची धार! म्हैस असली लबाड, की पूर्णिमाशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही. आईनं हाक मारली. पोरीनं रिमोट भावाच्या हातात दिला नि बादली उचलली. परत आली तर टीव्ही बंद, आणि सम्राट गल्लीभर सांगत सुटलेला, "राक्षस मी मारला!" सात किल्ले हिनं घ्यायचे नि निशाण त्यानं लावायचं, हा कुठला न्याय? महिन्याभरात तो गेमही बिघडला. शेवट काही तिला दिसला नाही.

म्हणून वर्षभर ती खेळली. आणि काय गुणाचं यंत्र हो ते! मधेच फोन येत नाही, जाहिरात येत नाही. कुकरची शिट्टी झाली तर बटण दाबायचं, सगळं जिथल्या तिथं थांबतं. डेअरीला दूध घालून या, नाहीतर दोन दिवसांनी या, राक्षस उचललेला पाय तसाच धरून उभा! पूर्णिमाला त्याचं भारी अप्रूप वाटायचं. ह्या घरात तिच्यासाठी आजवर कोण थांबलं होतं?

पण हट्टही तसाच. सरावाला थांबवलं तर चालेल, राक्षस मारायचा तो पहिल्या किल्ल्यापासनं एका दमात. लेक तेजस्वी म्हणायची, "आई, सेव्ह कर की." ही म्हणायची, "तवा कुठं व्हतं सेव्ह? मारीन तर तसाच."

यंदाच्या भाऊबीजेला सम्राट जेवायला आला. मालक दुसऱ्या पाळीला कारखान्यात गेले. चार वाजता पूर्णिमा गेम घेऊन बसली, शेजारी सम्राट चहाचा कप घेऊन. एकेक करत सात किल्ले पडले. आठव्याच्या दारात गेममधला बारका गडी उभा राहिला, शेवटच्या जीवावर. आणि गोठ्यात म्हैस रेकली.

पूर्णिमा सवयीनं उठलीच. डोळ्यांत पाणी आलं, रागही आला. तिनं गेम भावापुढं धरला. "धर. मार परत तूच."

"थांबव की बटण दाबून."

"न्हाय थांबवणार!"

सम्राटनं हात पुढं केला नाही. खाली बघत म्हणाला, "आक्का, मी न्हवता मारला. पहिल्याच उडीत मेलो. तू बदडशील म्हणून टीव्ही बंद केला, नि भाईर जाऊन थाप मारली."

"आणि एवढी वर्सं मिरवलास व्हय रे मुडद्या?"

"बस खाली. धार मी काढतो."

"तुला पान्हा सोडायची न्हाय ती."

खुंटीवर पूर्णिमाची गोठ्यात नेसायची साडी होती. ही म्हैसही तिच्याच हाताला सोकावलेली; पूर्णिमा माहेरी गेली, की तिला फसवायला मालकसुद्धा तीच साडी गुंडाळायचे. बँकेत साहेब असलेल्या सम्राटनं इस्त्रीच्या पँटवर ती साडी गुंडाळली, डोक्यावरनं पदर घेतला, आणि बादली उचलून गोठ्यात गेला.

पूर्णिमा परत बसली. राक्षसानं आग ओकली, ती तिनं उडी मारून चुकवली. परत आग, परत उडी. अंगठ्याला घाम सुटला, पण बटणानं दगा दिला नाही. टक्, टक्, टक्! राक्षस कोसळला. किल्ल्यावर निशाण चढलं आणि बारका गडी हात हलवायला लागला. एवढंच! चार रंगीत ठिपके नि पिपाणीसारखं एक गाणं. पूर्णिमा ते बघत ढसाढसा रडली.

मग गेम घेऊन ती धावत गोठ्याच्या दारात आली. "सम्राट! मारला रे मारला!"

आत सम्राट घामाघूम होऊन बसला होता. बादली कोरडी ठणठणीत. म्हशीनं साडी हुंगून सोंग कधीच ओळखलं होतं. पण पूर्णिमाचा आवाज आला तसे तिनं कान टवकारले, नि पहिली धार बादलीच्या बुडावर वाजली.

"आक्का, ये बाई, तूच काढ आता," सम्राट म्हणाला.

पूर्णिमानं ऐन धारेच्या वक्ताला गोठ्याच्या उंबऱ्यावर ऐसपैस बैठक मारली. "बस तितंच. तू धार काढ, मी बोलत ऱ्हाते, म्हंजे ती सोडंल पान्हा."

आणि तिनं राक्षस कसा पडला ते पहिल्या किल्ल्यापासनं सांगायला घेतलं.