सहा नंबरचं रबर

समाधानने ज्योतीरामांच्या मोटरसायकलचा प्लग काढला, फडक्याने पुसला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. टोक पांढरंफटक पडलं होतं.

"पेट्रोल कमी, हवा जास्त," तो म्हणाला. "गाडी उपाशी पळतीय, साहेब. म्हणून तापतीय, म्हणून फटाके वाजवतीय."

"म्हणजे कार्बोरेटर."

"कार्बोरेटर तीन मेस्त्र्यांनी धुतलाय. आता देव्हाऱ्यात ठेवला तरी चालंल. हवा त्याच्या पुढून कुठूनतरी घुसतीय."

चिखलीतल्या समाधानच्या गॅरेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये ज्योतीराम हात मागे बांधून उभे होते. चाकणच्या रबर कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी असंच उभं राहून माल तपासला होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी खिशात नापास मालावर ठिपका द्यायचा लाल मार्कर असायचा. भाजीवाल्याच्या टोमॅटोंवर त्यांनी अजून ठिपके दिले नव्हते, एवढंच.

समाधान त्याच कंपनीत, साच्यात रबर दाबणाऱ्या सहा नंबरच्या प्रेसवर होता, कंत्राटी. परमनंट व्हायला दोन महिने उरले आणि त्याच्या प्रेसचं रिजेक्शन अचानक वाढलं. लाल ठिपक्यांचे क्रेट भरू लागले. एचआरवाल्यांनी त्याला चहा पाजला आणि गेटपास ठेवून घेतला. साचा तोच, वेळ तीच, हात तेच. मग चुकलं कुठे, हे त्याला अकरा वर्षांत समजलं नव्हतं. पुढे गॅरेज टाकल्यावरही प्रत्येक नट तो दोनदा आवळायचा.

त्याने प्लग परत बसवला, गाडी चालू केली आणि इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये थोडं पेट्रोल ओढलं.

"जिथं फट असंल तिथं थेंब पडला की आवाज बदलंल."

"एवढं कशाला? ते कार्बोरेटर अन् इंजिनामधलं रबर बदलून टाक. रिजेक्ट माल आहे तो. तुझ्याच वेळचा असेल बघ."

समाधानने मान खाली घातली आणि रबरावरची काजळी बोटाने पुसली. आधी लाल ठिपका दिसला, मग साच्यातून उमटलेला सहाचा आकडा.

त्याने रबरावर थेंब सोडला. आवाज तसाच. कडेने फिरवत दुसरा, तिसरा. इंजिन ढिम्म. मग रबर आणि इंजिन यांच्यामधल्या पॅकिंगवर एकच थेंब टाकला, तसा इंजिनाने सूर चढवला.

"इथं आहे."

"ते पॅकिंग? ते तर नवं आहे. सीलबंद, वर ओकेचा हिरवा स्टिकर."

"ओकेच असंल," समाधान म्हणाला.

त्याने गाडी बंद करून जोड खोलला. पॅकिंगची एक बाजू उंदराने कुरतडल्यासारखी. रबर मात्र त्याने दुमडलं, पिळलं, उजेडात ताणलं. एक चीर नव्हती.

"किती वर्षं झाली याला?"

"अकरावं चाललंय. अरे, हाच रिजेक्ट माल पोत्यानं मोशीच्या दुकानात विकला जायचा. आजपर्यंत एकाची तक्रार नाही." ज्योतीरामांच्या आवाजात जुना अभिमान होता.

"म्हणजे चांगला होता."

"मग? आपल्या गाडीला खराब माल कोण लावून घेईल?"

बोलून झाल्यावर त्यांचे मागे बांधलेले हात सुटले. शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. ती भरून होईपर्यंत समाधान रबर बोटांत फिरवत राहिला.

समाधानने रबर रॉकेलने धुतलं, कोरडं केलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

"साहेब, एकदा तपासून सांगा."

ज्योतीराम दाराशी गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी अंगठ्याचं नख रबराच्या कडेने पूर्ण फिरवलं. एकदा सरळ, एकदा उलटं.

"काठाला केसभर रबर जास्त आहे," ते म्हणाले.

"असंल."

समाधानने ते परत घेतलं. नवं पॅकिंग कापून घातलं, तेच रबर बसवलं, ठिपका वरच्या बाजूला येईल असं. किक मारली. गाडी एका दमात चालू झाली आणि झोपलेल्या पोरासारखी संथ श्वास घेत राहिली. त्याने सगळे नट आवळले. एकदाच.

"ऐका," तो म्हणाला.

ज्योतीराम ऐकत राहिले. सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला. खिशात फक्त लाल मार्कर होता.