भांडलेलं गिऱ्हाईक

माझा राग नाकावर असतो, हे सगळ्या शिक्रापूरला ठाऊक आहे. पण त्या वर्षी मी चिडले ते उगीच नाही. आदल्या उन्हाळ्यात माझ्या पार्लरमध्ये नटवलेली नवरी पत्र्याच्या उकाड्यात अशी घामेजली की काजळ गालावर उतरलं. तिच्या मावशीनं भर मांडवात विचारलं, "हिला नटवलंय का चुलीम्होरं बसवलंय?" तेवढं एक वाक्य चाकण चौकापर्यंत फिरलं आणि नवऱ्या यायच्या बंद झाल्या.

आता वैशाखात अनुपमाचं लग्न होतं. तिचे वडील पोपटराव सोसायटीचे चेअरमन. ती नीट दिसली तर माझं पार्लर तरणार होतं, नाही तर गाळ्याला कुलूप. म्हणून एसी बसवायचं ठरलं. माझे मालक संपत रांजणगावला कंपनीत, त्यांची शिफ्ट काही सुटेना. मग माणूस ठरवायचं काम माझ्यावर आणि सासऱ्यांवर आलं. सासरे म्हणजे हरिबा आबा. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. एसी त्यांनी पाहिला होता तो बँकेत, आणि तिथून शिंकत बाहेर आले होते.

पहिला माणूस पुण्याचा. टाय, बॅग, फोटोंचा अल्बम. "मॅडम, तुमचं काम म्हणजे आमच्या घरचंच काम," म्हणाला. मी होकार देणारच होते, तेवढ्यात दारात टेकलेल्या आबांनी विचारलं, "सायेब, तुमच्याशी भांडलेलं एखादं गिऱ्हाईक हाय का?"

"छे, आमच्यावर सगळे खूश आहेत."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही."

आबांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. माझा तिळपापड झाला. "आबा, आता भांडखोर माणूस हुडकायचा का?"

"आगं, ऐक तरी. कुणाच्या रानात मेंढरं बसवायच्या आधी मालक कसा हाय ते आम्ही कुणाला इचारायचो? त्याच्या पावण्यांना? त्याच्याशी भांडून गेलेल्या धनगराला. चिडलेला माणूस हाय न्हाई ते समदं वकतो. त्यातनं जी खोट निघाली न्हाई, ती त्या मालकात नसती."

दुसरा आला दौंडचा भिमाजी मिस्त्री. काल यायचा तो आज आला. हेल्मेटही न काढता पत्र्याकडं बघत म्हणाला, "मशीनचं मागनं बघू. आधी वर सिलिंग मारा. आन् ह्या काचेच्या दारातनं सगळं पश्चिमेचं ऊन आत येतंय, त्ये झाका. न्हाई तर एसी लावून हायवे गार करत बसा." ते दार मी किती हौसेनं बसवलं होतं. मी त्याला वाट्टेल ते बोलले.

आबांनी शांतपणे तोच प्रश्न टाकला. भिमाजीनं हनुवटी खाजवली. "हायत की. वरवंडच्या साळूबाई. तिथं माझं नाव घ्या, पाणीसुदिक देणार न्हाईत."

सकाळी आम्ही स्कूटीवरून वरवंडला निघालो. मागं आबा, पागोटं उपरण्यानं बांधून घेतलेलं. न्हावरं मागं पडेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. सून गाडी चालवतेय आणि सासरा मागं बसलाय, हे बघायला हॉटेलांतली माणसं बाहेर येत होती. मी खुशाल हॉर्न वाजवत गेले.

साळूबाई मुलाच्या, पृथ्वीराजच्या, फोटो लॅबच्या काउंटरवर बसलेल्या. भिमाजीचं नाव काढताच ताडकन उठल्या. "त्या मुडद्याचं नाव नगा घेऊ. आज येतो म्हनला आन् परवा उगवला. भितीला भगदाड पाडलं. माझ्या पोराला म्हनतो कसा, जाळी धुवायची नसंल तर मशीन कशाला घेतली?" गिऱ्हाईकं खोळंबली तरी त्यांचं चालूच. त्या श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा आबा म्हणाले, "आन् मशीन?"

"मशीनला काय धाड भरलीया? दोन उन्हाळं झालं, चालतीया की." एवढं बोलून त्यांनी शाल कानांवर ओढली. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं.

"भिमाजीच," आबा म्हणाले.

भिमाजी आमच्याकडंही कबूल केलेल्या दिवशी आला नाहीच. फरशीभर धूळ केली, माझ्या लाडक्या दारावर प्लायवूड ठोकलं, वर मलाच बजावलं, "दुपारी लाईट जाती. नवरीला सकाळीच बसवा." दोनदा भांडण झालं. पण अनुपमाचा मेकअप कोरड्या चेहऱ्यावर बसला तो रात्रीच्या वरातीपर्यंत हलला नाही. तिच्या आईनं मांडवातच पुतणीची तारीख दिली. मी मंडपामागं जाऊन पोटभर रडले.

पुढच्या उन्हाळ्यात शिरूरहून एक नवरा-बायको आले. ओळख ना पाळख. "भिमाजी मिस्त्रींनी तुमचं नाव दिलं," तो म्हणाला. मला वाटलं, माझ्या कामाचं कौतुक केलं असेल.

"म्हणाले, रुपालीताई माझ्यावर लई खवळल्यात, त्यांनाच विचारा."

माझं डोकं सणकलं. त्याचा उशीर, ती धूळ, माझं दार, त्याची जीभ, सगळं सगळं ओकले. ऐकता ऐकता त्या बाईनं पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला. नवऱ्यानं हळूच विचारलं, "आणि एसी?"

"एसीला काय धाड भरलीय?" मी म्हटलं, आणि कोपऱ्यात बघितलं. तिथं आबा घोंगडी पांघरून खुर्चीत बसले होते. तोंडावर घोंगडीचं टोक धरून ते हसत होते.