नावाखालची ओळ

शाळेचा कारकून सायकलवरून आला तेव्हा मी शिडीवर होतो. एका बेकरीची पाटी रंगवत होतो.

"खाली या," तो म्हणाला.

"दोनच अक्षरं राहिलीत."

"आधी खाली या."

त्याचा चेहरा पाहून उतरलो. बायको वर्गात शिकवताना खुर्चीवर बसली आणि तिथेच गेली.

ती कविता शिकवायची. संध्याकाळी घरी शिकवणी असायची. मी आत ब्रश धूत असायचो आणि उपमा, रूपक, अतिशयोक्ती असं काहीबाही कानावर पडायचं. कुणी आईला सागर म्हटलं की ती विचारायची, "कशात साम्य? आई खारट आहे का?" मुली खिदळायच्या. "साम्य सांगा, नाहीतर उपमा परत घ्या."

पुढच्या महिन्यात मुख्याध्यापिका घरी आल्या. तिच्या वर्गाला तिचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटी मीच रंगवावी, नावाखाली एक ओळ घालावी, असं त्यांचं म्हणणं. ओळही त्यांनी आणली होती: 'अखंड तेवणारी ज्ञानज्योत'.

"कशात साम्य?" मी विचारलं.

थोरली मेहुणी शेजारीच बसली होती. "घ्या! आता हे मास्तर झाले."

"बाबा, रूपक आहे ते," मुलगी म्हणाली. "छान वाटतं ऐकायला. आईसाठी काहीतरी छान असू दे ना."

"अगं, पण तुझी आई दिवे लागले की जांभया द्यायची. तिला ज्योत कसली म्हणता?"

मेहुणीला हसू आवरेना. मग तिने डोळ्यांना पदर लावला.

"मग तुम्हीच सुचवा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "सोमवारी पाटी लावायचीय."

नाव त्याच दिवशी रंगवून झालं. ओळीचं मात्र अडलं. आमच्या कामात ओळ आधी पुरी हातात लागते. मधलं अक्षर खडूने काढायचं, मग दोन्ही बाजूंना सरकायचं. ओळच नसेल तर मध्य कुठला धरणार?

बसून विचार केला. झाड म्हणावं, तर ती एका जागी कधी टिकली नाही. नदी म्हणावं, तर घोटाभर पाण्यात उतरायला घाबरायची. तिचा आवाज जरा घोगरा होता, चिडली की वर चढायचा. तसा दुसरा आवाज मी कशाचाच ऐकलेला नाही. शेवटी खडूने लिहिलं: 'ती तिच्यासारखीच होती.'

ओळ मधोमध बसली. मला बरं वाटलं.

मुलगी कामावरून आली. चप्पल न काढताच वाचायला लागली.

"हा पण अलंकारच आहे, बाबा. अनन्वय. माणसाला त्याचीच उपमा द्यायची."

"मी अलंकार-बिलंकार काही केला नाही. होतं ते लिहिलं."

"हो, पण वर्गात नव्या मुली येणार. त्यांनी आईला पाहिलेलंच नाही. त्यांना यातून काय कळणार?"

बायकोनेही हेच विचारलं असतं.

"मग ती ज्योतच घालू का?" मी विचारलं.

"नको," मुलगी म्हणाली. "ती पण नको आता."

मी ओल्या फडक्याने खडू पुसला. सोमवारी पाटी वर्गावर लागली.

पाटीवर तिचं नाव आहे. नावाखालची ओळ अजून लिहायची राहिली आहे.