भुकेला काटा

"पहिलं वाक्य ऐकून उठू नकोस, सागिनदादा. पुढचंही ऐकून घे," गावचा मेकॅनिक इशेन गाडीखालूनच म्हणाला.

सागिन आपल्या जुनाट झिगुली मोटारीत स्टिअरिंगमागे बसून नव्या तबकडीकडे बघत होता. घड्याळाएवढी तबकडी, मध्ये हिरवी पट्टी, डावीकडे काळी, उजवीकडे पिवळी. इशेनने धुराच्या नळीला भोक पाडून त्यावर कडं वेल्ड केलं होतं आणि भंगारातल्या एका जर्मन गाडीचा सेन्सर त्यात पिळून बसवला होता. गाडी पेट्रोल फार पिते, एवढीच सागिनची तक्रार होती. ती का पिते हे आता काटा सांगणार होता.

इशेन हात पुसत बाहेर आला. "नळीत बसवलंय ते नाक समज. धूर हुंगतं आणि काट्याला सांगतं. काटा हिरव्यावर, म्हणजे पेट्रोल आणि हवा प्रमाणात. डावीकडे गेला तर पेट्रोल जास्त, इंजिनाला अजीर्ण. उजवीकडे गेला तर पेट्रोल कमी, इंजिन उपाशी."

"समजलं. डावीकडे अजीर्ण, उजवीकडे उपास."

"अरे, थांब ना. खिंडीत हवा विरळ, तिथे काटा आपोआप डावीकडे सरकेल. ते बरोबर आहे. पण तिथे तो उजवीकडे गेला, तर कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावायचा नाही. गाडी बंद करायची आणि मला फोन करायचा. कारण ते नाक फक्त हवा हुंगतं, पेट्रोल नाही..."

पण सागिनने तोवर इंजिन सुरू केलं होतं, आणि पुढचं त्या आवाजात बुडालं.

सागिनचा जन्मच अर्धं ऐकण्यात गेला होता. सरकारी शेतीवर ट्रॅक्टर चालवायचा तेव्हा नांगरायचं रान सोडून शेजारचं नांगरून यायचा. स्वतःच्या लग्नात बुरुलला आणायला निघाला तो गावाचं नाव नीट न ऐकता, आणि भलत्याच गावच्या लग्नात पोटभर मटण जेवून परत आला. माणूस मनाने सोन्यासारखा, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणारा. बुरुल हे सगळं जाणून होती. कुठलीही गोष्ट ती त्याच्या तोंडून दोनदा वदवून घ्यायची, आणि म्हणून त्यांचा संसार नीट चालला होता.

उन्हाळाभर दोघं डोंगरातल्या सुसामिरच्या कुरणावर राहत. बुरुल घोड्या दोही, दूध आंबवून कुमिस करी. दर आठवड्याला पिंपं गाडीत घालून खिंडीपलीकडच्या बाजारात न्यायची. बुरुल मागच्या सीटवर दोन पिंपांच्या मधोमध बसे. कुमिस वळणावर फसफसतो, झाकण दाबून धरावं लागतं. तिच्या हातून आजवर थेंब सांडला नव्हता. मागच्या बाजूचा तळाचा पत्रा गंजून जागोजाग विरला होता, त्यावर तिने स्वतः लोकर लाटून केलेला जाड नमदा अंथरला होता. वारा लागू नये म्हणून मागच्या काचा कायम बंद. पुढे सागिनची काच मात्र उघडी, कारण त्याच्या जिभेखाली सदा नासची गोळी. तंबाखू खायची म्हणजे थुंकायला खिडकी हवीच.

या मोसमात एक नवं सुरू झालं होतं. गाडीत बसलं की बुरुलचं डोकं ठणकायचं, मळमळायचं.

"तुतोक असेल," सागिन म्हणायचा. तुतोक म्हणजे उंचीवर मैदानातल्या पाहुण्यांना लागते ती धाप.

"मी या डोंगरात जन्मले रे, म्हाताऱ्या. माझ्या आईने मला पाठीशी बांधून ही खिंड ओलांडली. मला कसला तुतोक?"

"मग वय झालं तुझं."

"आणि तुझं नाही झालं? माझ्याहून चार उन्हाळे जास्त पाहिलेस."

तबकडी बसवल्यावरच्या पहिल्या फेरीला सागिन पहिल्या वळणापासूनच सुरू झाला. "बघ, हिरव्यावर आहे. डावीकडे गेला की अजीर्ण..."

"सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतोयस. तुझा काटा तुझ्यापाशी ठेव आणि मला झोपू दे. डोकं फुटतंय."

"झोप, म्हातारे. झोपलीस की बरं वाटेल."

चढ लागला तसा काटा हलला, उजवीकडे. सागिनने कपाळाला आठी घातली. इशेन खिंडीबद्दल काहीतरी म्हणाला होता खरा. काय बरं? हां, काटा आपोआप सरकेल, ते बरोबर आहे. सरकला की. तो निश्चिंत झाला.

खिंडीच्या अलीकडे रस्ता मेंढ्यांनी भरला होता. थंडीच्या आधी कळप खाली उतरत होते, आणि त्यांना हॉर्न समजत नाही. सागिनने गाडी उभी केली. इंजिन जागच्या जागी धडधडू लागलं आणि काटा पार उजव्या टोकाला जाऊन टेकला.

"गाडी पुरती उपाशी आहे," तो स्वतःशी म्हणाला आणि खाली उतरला. इंजिन बंद केलं नाही, कारण हीटर बंद पडला असता आणि मागे बुरुलला थंडी वाजली असती. त्याने मुद्दाम आपलीही काच वर केली. बायकोवरच्या मायेने त्याने जे जे केलं, त्यातलं हे सगळ्यात वाईट.

बॉनेट उघडून त्याने कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा सोडला, काचेतून वाकून काटा पाहिला, पुन्हा थोडा सोडला. काटा डुलत हिरव्या पट्टीवर आला. सागिनला उपाशी पाहुण्याला जेवू घातल्यासारखं समाधान वाटलं.

कळपामागून मामबेत मेंढपाळ घोड्यावर आला. ओळखीचा माणूस. सागिनने त्याला नासची डबी दिली.

"काय दुखतंय म्हातारीला?" मामबेतने गाडीकडे हनुवटी उडवली.

"म्हातारीला नाही, गाडीला. उपाशी होती, पोट भरलं तिचं."

"उपाशी? मागून काळा धूर ओकतेय की. माझ्या घोड्याने पोटभर खाऊन असं केलं असतं तर मी त्याला चालवून आणला असता, आणखी चारला नसता."

"तुला घोड्यातलं कळतं, तेवढंच बोल," सागिन हसला. मग घोड्यांवरून, बर्फ कधी पडेल यावरून गोष्टी निघाल्या. मेंढ्या संपता संपत नव्हत्या.

परत आला तेव्हा बुरुल पिंपाला टेकून झोपली होती. गाल लालबुंद झाले होते. लग्नाच्या वर्षी बर्फातून पाणी घेऊन यायची तेव्हा असेच दिसायचे. त्याला बरं वाटलं, जरा लाजल्यासारखंही झालं. त्याने तिला उठवलं नाही. काच खाली करून हळूच गाडी काढली.

दुसऱ्या वळणावर पिंपाचं झाकण उडालं. कुमिस फसफसून नमद्यावर सांडला, आंबूस वास गाडीभर पसरला. बुरुल आता चार शिव्या हासडेल म्हणून सागिनने मान खांद्यात घातली. मागून काहीच आवाज आला नाही.

तेव्हा कुठे तो घाबरला.

त्याने तिला ओढून बाहेर काढलं, रस्त्याकडेच्या दगडांवर निजवलं आणि तिचं नाव घेऊन हाका मारत राहिला. मागून येणाऱ्या लॉरीवाल्याने दोघांना खालच्या इस्पितळात पोचवलं. बुरुलला प्राणवायू लावला, आणि ती वाचली. गावाने मेंढा कापून देवाचे आभार मानले.

इशेनने गाडी वर उचलून दिवा धरला. नाकाच्या अलीकडे, नळीच्या सांध्यावर नखाएवढी भेग होती. इंजिनाच्या प्रत्येक श्वासाबरोबर तिच्यातून बाहेरची हवा आत जात होती आणि विषारी धूर बाहेर पडून विरलेल्या पत्र्यातून, नमद्याच्या कडेने वर चढत होता.

"नाक खोटं बोललं नाही, दादा," इशेन कसाबसा म्हणाला. "त्याला हवा लागली, त्याने हवा सांगितली. ती कुठून आली हे त्याला काय ठाऊक? इंजिन उपाशी नव्हतंच, आणि तू वर आणखी पेट्रोल पाजलंस. पण भेग मी बघायला हवी होती. जुनी होती ती, उन्हाळाभराची." त्याचे डोळे भरून आले. "काढून टाकतो ही तबकडी."

"राहू दे," सागिन म्हणाला. "पण ते पुढचं वाक्य सांग. तेव्हा सांगत होतास ते."

इशेनने सांगितलं: भेगेतून बाहेरची हवा शिरली तरी काटा उजवीकडेच जातो. सागिनने ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

बुरुल घरी आली तेव्हा बरी होती. मग पानगळीसारखं एकेक गळू लागलं. चहात दोनदा मीठ पडलं. घोड्यांची नावं गेली, मग धाकट्या लेकीचं नाव. डॉक्टर म्हणाले, या धुराचं असंच असतं, कधी कधी मागाहून वसुली करतो.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात सागिन तिला डॉक्टरांकडे घेऊन निघाला. नळी नवी होती, पत्रा नवा होता, तरी चारही काचा खाली. बुरुल पुढे बसली होती, दोन कोट आणि लोकरीची शाल गुंडाळून. बराच वेळ तिने तबकडीकडे पाहिलं.

"दादा," ती अदबीने म्हणाली, परक्या ड्रायव्हरशी बोलावं तसं, "हा काटा कशाचा हो?"

सागिनने नास थुंकली. गावातून निघाल्यापासून ती तिसऱ्यांदा विचारत होती.

"इंजिनाचा," तो म्हणाला. "खाली नळीत एक नाक आहे. ते फक्त हवा हुंगतं." आणि त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. अजीर्ण, उपास, विरळ हवा, आणि शेवटचं वाक्यसुद्धा. ती मन लावून ऐकत होती. इतक्या वर्षांत तिने त्याचं इतकं ऐकलं नव्हतं.

खिंड आली. काटा आपोआप डावीकडे सरकला.

"बरोबर आहे ना तो?" तिने विचारलं.

"बरोबर आहे."

बर्फाची भुरभुर आत येऊन तिच्या शालीवर बसत होती. तिने ती हाताने झटकली आणि त्याच्या उघड्या, लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं.

"तुम्हाला थंडी नाही वाजत, दादा?"

"वाजते," सागिन म्हणाला.