बायारोचं नाव

मेलेल्या भावाला रडायचं तर त्याचं नाव घेऊन रडावं लागतं, आणि ऐमानाला तेच करता येत नव्हतं. तिच्या भावाचं नाव त्याला मारणाराच घेऊन फिरत होता.

झालं होतं ते असं. समुद्रावरून दाढीवाले आले तेव्हा गावानं त्यांना पाहुणे मानलं. ऐमानाचा भाऊ बायारो साधाभोळा, पटकन जीव लावणारा. त्यानं गास्पार नावाच्या एका शिपायाशी नाव बदललं. आपल्या बेटावर नाव बदललं की नातं रक्ताचं होतं. त्या दिवसापासून गाव शिपायाला बायारो म्हणू लागलं आणि बायारोला गास्पार. बहिणीनं दोघांनाही दादा म्हणायचं, दोघांनाही वाढायचं. ऐमानानं वाढलं. त्या मेल्या शिपायाला तिच्या हातचं मिरचीचं कालवण इतकं आवडायचं, की वाडगं चाटूनपुसून ठेवायचा.

मग एका दुपारी दाढीवाल्यांना भाकरी कमी पडल्या. "शेत अजून तयार नाही रे भावा," बायारो म्हणाला. शिपायानं सोबत्यांशी पैज लावली आणि त्याच्यावर कुत्री सोडली. चिडला असता तरी समजलो असतो! त्याला नुसती गंमत हवी होती.

ऐमानानं भावाचं जे उरलं होतं ते पुरलं. रडायला तोंड उघडलं आणि गप्प बसली. बायारो म्हणून हंबरडा फोडावा तर बायारो तिकडे कुंपणापाशी हसत उभा. गास्पार म्हणून रडावं, तर ते नाव तिच्या आईनं कधी ठेवलंच नव्हतं.

गावानं त्यानंतर शेतं टाकली आणि डोंगर गाठला. आपण पेरलं नाही तर हे खातील काय, असं मुखियाचं म्हणणं. आणि खरंच, दाढीवाल्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले. जमिनीत युकाचे कंद मांडीएवढे फुगलेले, आणि ते ओळखता न येणारे हे वरून चालत उपाशी हिंडत होते. बायका मात्र अधूनमधून खाली उतरून कंद काढून नेत. ऐमाना आणि तिची म्हातारी आत्या कासिबा अशाच एका सकाळी आपल्या जुन्या शेतात बसून कंद किसत होत्या.

युका किसून पिळायचा, पिठाची भाकर करायची. पिळून निघालेला रस जहरी असतो. कच्चा घोटभर पोटात गेला तर माणूस संपतो. तोच रस बराच वेळ रटारटा उकळला की त्यातलं जहर जातं आणि मिरची घालून त्याचंच कालवण होतं. हे आपल्याकडे रांगतं पोरही जाणतं.

"तो सापडला ना आत्या," किसता किसता ऐमाना म्हणाली, "तर मी त्याला या रसानं आंघोळ घालीन, आतून."

"घाल की! आणि भावाला दुसऱ्यांदा मार," कासिबा फणकारली. "नाव त्याच्यात आहे बाई. तो मेला की बायारो हे नाव त्याच्याबरोबर मातीत गेलं. मग कुणाला हाक मारशील?"

"मग त्याला असाच सोडू?"

"त्यानं आपल्या तोंडानं नाव परत दिलं पाहिजे. हिसकावून येत नाही ते. आणि असला माणूस कशाला देतोय!"

ऐमानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं रागारागानं कीस पिळला. रस मडक्यात भरभर उतरत होता.

तेवढ्यात वाळलेली पानं वाजली. तलवार काठीसारखी टेकत एक दाढीवाला बांधावर येऊन उभा राहिला. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. एकटाच होता.

"ताई!" तो म्हणाला. दोन वर्षांत भाषा शिकला होता, मोडकी. "तू इथे! देव पावला. मला खायला दे."

ऐमानाचे हात थांबले. "तुझी कुत्री कुठेत?"

"खाल्ली."

"कुत्र्यांनी माझा भाऊ खाल्ला, तू कुत्री खाल्लीस. आता पुढे काय खाणार, आत्याला?"

"चिवट आहे मी, दात पडतील त्याचे," आत्या पुटपुटली.

त्यानं तलवार थोडी उचलली, पण हातात जोर नव्हता. मग बसलाच. "भाकर नाही?"

"पीठ अजून ओलं आहे."

त्याची नजर मडक्यावर गेली. ते कालवण याच रसाचं होतं, एवढं त्यानं पाहून ठेवलं होतं. चुलीपाशी काय चालतं ते बघायची गरज त्याला कधी वाटली नव्हती. बायकांचं काम ना ते!

"ते दे. मिरची घालून. आधी द्यायचीस तसं."

"देते," ऐमाना म्हणाली. तिला आपला आवाज परका वाटला. "पण आधी माझ्या भावाचं नाव परत कर."

तो बघतच राहिला. "नाव?"

"नाव. बायारो. तुझं तू परत घे, त्याचं मला दे."

नाही म्हणाला असता तर ऐमानाला त्याला भाकर भाजून घालावी लागली असती, दादा म्हणून. तिनं घातलीही असती, दातओठ खात.

तो हसला. खरंच हसला. "एवढंच? घे बाई घे! तुमच्या त्या नावाचं मी काय करू, चघळू? मी गास्पार. गास्पार होतो, गास्पार आहे. झालं? आता दे इकडे."

या बेटावर तेवढं एक नावच त्याला राखत होतं, आणि त्यानं ते जेवणासाठी टाकून दिलं.

ऐमानानं वाडग्यात रस ओतला. वर मिरची चुरली. "गार आहे," ती म्हणाली.

"चालेल." त्यानं दोन्ही हातांनी वाडगं तोंडाला लावलं आणि थेंब न सांडता रिकामं केलं. वर आणखी मागून घेतलं. तिनं आनंदानं वाढलं.

थोड्या वेळानं त्याला धाप लागली. तो कुशीवर पडला, माती ओरबाडू लागला. मग कळलं त्याला. "ताई, काय दिलंस? अगं ताई! मी तुझा भाऊ... मी बायारो!"

ऐमाना वाकली, त्याला नीट दिसेल ऐकू येईल इतकी जवळ.

"नाही रे गास्पार," ती म्हणाली. "बायारो तर मेला. तू गप्प पड जरा, मला त्याला रडायचंय."

आणि तो तिथं तडफडत असताना त्याच्याकडे पाठ करून ती बसली, आणि डोंगरावर ऐकू जाईल अशा आवाजात भावाला हाका मारमारून रडली.