विमलची सदाफुली

सचिवालयातून निवृत्त होईपर्यंत दिगंबररावांनी एकाही झाडाला पाणी घातलं नव्हतं. हिमायतनगरच्या त्या घरात ते खातं बायकोचं, विमलचं. त्यातही अंगणातली पांढरी सदाफुली म्हणजे तिचा जीव की प्राण. "हिला लाड सोसत नाहीत," ती म्हणायची. माती पार सुकली की तांब्याभर पाणी, बस्स. एक दिवसाआड नळ येणाऱ्या हैदराबादेत असं समजूतदार झाड मिळायला नशीब लागतं.

मग विमलची मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टरांनी पाणी तोडलं. शेवटी शेवटी ती कोरडे ओठ चाटत म्हणायची, "अहो, एक घोट द्या ना." आणि जन्मभर सरकारी नियम पाळलेले हे गृहस्थ "नक्को गं, डॉक्टर ओरडतील," म्हणून तोंड फिरवून बसायचे. ती तहानलेलीच गेली. नियम पाळून काय मिळवलंत, असं खडसावून विचारणारं माणूसच घरात उरलं नाही.

मुलगी मनीषा अमेरिकेत. जावयाला कॉम्प्युटरच्या कंपनीनं तिकडं नेलं, तेव्हा गल्लीभर पेढे वाटले होते. आईच्या वेळी मात्र तिचे व्हिसाचे कागद अडकले आणि तिला येता आलं नाही.

माणूस गेलं की त्या जागी तेरा दिवस दिवा लावतात, शेजारी पाण्याचा पेला ठेवतात. दिगंबरराव रोज सकाळी ते पाणी सदाफुलीच्या मुळाशी ओतत. तेरावा झाला, दिवा उचलला, पेला मात्र त्यांच्यानं उचलवेना. हळूहळू पेल्याचा तांब्या झाला आणि तांब्याची बादली. स्वतःची आंघोळ आटोपती घेऊन ते तिला पाजत. "पी, विमल," म्हणत. पानं पिवळी पडली तशी त्यांना वाटलं, हिची तहान अजून भागलेली नाही. ते आणखी ओतू लागले. एका सकाळी खोड अलगद हातात आलं. मुळं कुजून काळी पडली होती. दिगंबरराव तिथेच चिखलात बसून लहान मुलासारखे रडले.

पुढच्याच आठवड्यात मनीषाचा फोन आला. "बाबा, मी येतेय. आईची सदाफुली आहे ना?"

"आहे की," ते बोलून गेले.

मग काय, धावले नर्सरीत. "साब, पानी ज्यादा नक्को डालो," नर्सरीवाल्यानं बजावलं. त्यांनी खाली मान घालून ऐकलं आणि पांढऱ्या फुलांचं रोप आणून त्याच खड्ड्यात लावलं. मनातून त्यांना खात्री होती, पोरगी ओळखणारच. आईच्या हातचं झाड तिला कळणार नाही होय? तिनं ओळखलं की सगळं सांगून टाकायचं, झाडाचं आणि त्या न दिलेल्या घोटाचंही. शिव्या दिल्या तरी चालतील. निदान दोघं मिळून रडू.

मनीषा आली ती चपला न काढताच झाडापाशी गेली आणि फुलांवरून हात फिरवत राहिली. "अगदी तश्शीच आहे हो, बाबा!" तिचे डोळे भरून आले. वाळक्या शेंगा खुडून तिनं रुमालात बांधल्या. "आता आई माझ्या तिकडच्या अंगणातही राहील."

दिगंबररावांच्या ओठांवर आलेलं सगळं परत आत गेलं. आता हे जन्मात कोणाला सांगता येणार नव्हतं.

"बाबा, हिला पाणी किती घालायचं?"

"आईला विचार," चाळीस वर्षांच्या सवयीनं ते म्हणाले.

आणि बापलेकीनं एकाच वेळी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.