कपांचे कान

त्या घरात कप मांडायचा एकच कायदा होता. सगळ्या कपांचे कान उजवीकडे. एखादा वाकडा दिसला तर नवरा ओरडायचा नाही, छे! नुसता घसा खाकरायचा. की हातातली शिवण टाकून त्याच्या बायकोने, शिलाईवालीने, धावायचं आणि कप सरळ करायचा. उशीर झाला तर त्यातला चहा तिच्या मनगटावर. शेजारी म्हणायचे, काय शांत माणूस आहे हो! असा तो मेला साळसूद!

शेवटी कोर्टाने, त्याने तिच्याजवळ फिरकू नये, असा मनाई हुकूम दिला आणि ती भाड्याच्या खोलीत आली. मशीन खिडकीशी लावलं, दाराला नवी दणकट कडी बसवली, आणि पहिल्याच संध्याकाळी कप मुद्दाम कसेही ठेवले. केवढं सुख ते! पण सकाळी उठून बघते तर काय, सगळे कान उजवीकडे. बाई गं! कडी आतून जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कसाही येवो, पण तो येतोय, एवढं तिने धरून ठेवलं.

आज हुकमाची मुदत संपत होती. वाढवून मिळाली नाही, तर उद्या तो खरोखरच दारात उभा राहणार होता.

हे कोर्ट असल्याच घरगुती खटल्यांसाठी काढलेलं. बायकांना यायला वेगळं दार, आणि साक्ष देताना नवऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून मध्ये पडदा. कोर्टाची समुपदेशक, जिला सगळे ताई म्हणत, ती शिलाईवालीच्या शेजारी बसली. समोरच्या फळीवर ताईने पाण्याचा कप ठेवला.

"येतो तो, मॅडम," शिलाईवालीने न्यायाधीशबाईंना सांगितलं. "रोज येतो. कप फिरवून जातो."

नवऱ्याचा वकील उठला. "मॅडम, माझा अशील हुकूम झाल्यापासून कालपर्यंत पाय मोडून दवाखान्यात पडून होता. डॉक्टरांनी तसं कळवलंय. दाराला आतून कडी, मग हा लंगडा माणूस भिंतीतून गेला म्हणायचा का? बाई धडधडीत खोटं बोलतायत."

शिलाईवाली पडद्याकडे वळली. तो नाही? मग कोण?

तेवढ्यात पडद्यामागे कोणीतरी घसा खाकरला. अगदी हळू.

न्यायाधीशबाई लिहिता लिहिता थांबल्या आणि शिलाईवालीकडे वळल्या. "आता हाताने काय केलंत तुम्ही?"

"मी? काही नाही, मॅडम."

"अगं, मी कप ठेवला तेव्हा कान डावीकडे होता," ताई दबक्या आवाजात म्हणाली.

शिलाईवालीने खाली पाहिलं. कान उजवीकडे होता. न्यायाधीशबाईंनी ताईला कप पुन्हा फिरवायला लावला. आणि पडद्यामागचा, खोड कुठली जायला, परत खाकरला. या वेळी तिने स्वतःचा हात जाताना पाहिला. तिने तो पाठवलाच नव्हता.

"मॅडम, तो येत नाही," ती रडतच म्हणाली. "मीच करते. झोपेत मीच उठत असणार."

"बघा! ऐकलंत ना?" वकिलाला आनंद मावेना.

"ऐकलं. आणि पाहिलंसुद्धा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तुमच्या अशिलाला सांगा, या कोर्टात पुन्हा घसा खाकरायचा नाही." त्यांनी हुकूम वाढवून दिला.

"सुटलीस गं बाई!" ताईने तिला मिठीच मारली.

खोलीवर आली तेव्हा लख्ख ऊन होतं. तिने कडी घातली आणि एकेक कप डावीकडे वळवला. "आता बघते कोण हात लावतं ते!" असं मोठ्याने म्हणून ती मशीनवर बसली. किती दिवसांनी जीव हलका झाला होता.

एक शिवण संपली. दुसरी घ्यायला ती वाकली आणि खोलीत कोणीतरी घसा खाकरला. हळू. अगदी त्याच्यासारखा.

ती ताडकन उठली. कडी पाहिली, पलंगाखाली पाहिलं, पडदा झटकला. कोणी नाही. छातीवर हात ठेवून ती परत बसली, कापड सुईखाली धरलं. पुन्हा तोच आवाज आला, आणि या वेळी तो तिला स्वतःच्या घशात जाणवला.

हात तेवढ्यात कापड सोडून कपांकडे निघालाही होता.